मालूताईंचं शेवटचं पान

एक खोडरबर. ब्लाउजला लावायची राहिलेली तीन हुकं. एकटीच जेवणारी सासू. निळी शाई.

काय म्हणता? बुवा आज घरूनच भरकटून आले? असू द्या! मंडळी, आधी मला सांगा — पुस्तक कुणाचं? लिहिलं त्याचं? कपाटाची किल्ली ज्याच्या हातात, त्याचं? का वाचलं त्याचं? मनाशी ठरवा! मग ऐका.

आमच्या गावात मालूताई धुमाळ ब्लाउज शिवायच्या. मशीनशेजारी कादंबरी उघडी, पानावर कात्री — वाऱ्यानं उलटू नये म्हणून! कादंबरी संपली, की शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं आपलं मत लिहायचं. एकतीस वर्षं! आणि पुस्तकं वाचनालयाची हो!

अध्यक्ष दादासाहेब निंबकर, भारी शिस्तीचे. त्यांनी मालूताईंना तातडीनं बोलावलं, पुस्तकांचा ढीग मांडला, वर खोडरबर ठेवलं. "बाई, सगळं पुसा. नाहीतर कार्ड रद्द!"

 गावात दुसरं वाचनालय नाही. हुकं लावायची टाकून धावत आलेली बाई — काय करणार?

"पुसते," त्या म्हणाल्या. "पण आधी एकदा वाचते. मोठ्यानं."

वाचत बसलेल्यांची वर्तमानपत्रं खाली झाली!

ढिगातली जाड कादंबरी उचलली. नायिका स्वयंपाक अर्धा टाकून घर सोडते, ती. मालूताईंचा पहिला शेरा, विसाव्या वर्षीचा — "बाई मूर्ख. भरलं घर सोडून कुणी जातं?"

दुसरा, बारा वर्षांनी — "गेली ते बरं केलं. पण स्टोव्ह पेटताच राहिला. लेखकाच्या ध्यानातच नाही!"

हसा, हसा! तिथंही हशा पिकला.

तिसरा, गेल्या वर्षीचा — "ती गेल्यावर सासू एकटीच जेवते. हे पान मला आधी दिसलंच नव्हतं."

आता कुणी हसेना. कादंबरी तीच हो! अक्षरही बदललेलं नाही! मग बदललं कोण?

मालूताईंनी रबर उचललं — आणि थांबल्या. खाली निळ्या शाईत दुसरंच अक्षर. "मलाही दिसलं नव्हतं. माझी आई अशीच जेवायची."

त्यांनी पान दादासाहेबांपुढं धरलं. "अहो दादासाहेब, हे काही रबरानं जायचं नाही."

दादासाहेबांनी पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत पाहिलं. वाचनालयात त्यांनी स्वतः लिहून लावलेल्या प्रत्येक नोटिशीवर तेच अक्षर होतं!

"बाई," ते हळूच म्हणाले, "रबर द्या इकडं." घेतलं, आणि दिलं खिडकीबाहेर भिरकावून! टाळ्या! त्या दिवसापासून तिथल्या प्रत्येक कादंबरीला मागं चार कोरी पानं चिकटवतात. मालूताई कार्ड घेऊन निघाल्या, काखेत दोन नव्या कादंबऱ्या!

आणि तुम्ही? पुस्तकं जशीच्या तशी परत करता, डाग नाही, सुरकुती नाही. छान! पण तुम्हीही जसेच्या तसेच परत आलात ना? मग वाचलं कुणी?

मालूताईंनी वाचलेल्या पहिल्या कादंबरीची शेवटची आठ पानं फाटलेली होती. शेवट त्यांना स्वतःच ठरवावा लागला — तिथूनच पेन्सिल हाती आली!