पंखा फिरला आणि सासऱ्यांनी ऐकला

फ्रीज बिघडला की मेकॅनिक बोलवा, असं तू म्हणतेस. अगो, मेकॅनिकचं सोड, आधी घरातली माणसं आवरायला हवीत!

आमच्या टोकावड्याच्या घरातल्या फ्रीजमध्ये वर नुसता बर्फ साचायचा आणि खाली दूध नासायचं. सासूबाईंचं इन्सुलिन शेजारच्या सुमनकाकींच्या फ्रीजमध्ये ठेवायची पाळी आली. शेवटी मुरबाडच्या मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "आतला पंखा फिरतोय का बघा."

आमच्या सासऱ्यांनी लगेच फ्रीजरचं दार उघडलं. "नाय फिरत!"

मेकॅनिक फोनवरून म्हणाला, "अहो, दार उघडलं की तो थांबणारच. दाराजवळचं बटण दाबून धरा."

दाबून धरलं. तरी पंखा हलला नाय.

"मग बर्फात अडकलाय. फ्रीज बंद ठेवा, सगळा बर्फ वितळू द्या."

म्हणून मी अख्खा फ्रीज रिकामा केला आणि दिवसभर फडक्यांनी पाणी टिपत बसले. कंबर मोडली, पण संध्याकाळी चालू केला तेव्हा पंखा मस्त घरघरायला लागला. इतकं बरं वाटलं! काकींकडून इन्सुलिन परत आणून आत ठेवलं आणि भाजी आणायला गेले.

परत येऊन बघते तर फ्रीज गप्प. दार उघडलं, दिवाही लागेना.

"बाबा, याला काय झालं?"

"अगो, तू गेलीस तसा घरघर करीत होता. परत बिघडला ना! मी पिनच काढून टाकली. बरं झालं, मी घरात होतो."