कुडचीच्या अलीकडं गाडी सुटली

मास्तर, जेवण राहू दे, टाक भिजवा आणि मी सांगतो ते आत्ताच्या आत्ता लिहून घ्या, कारण गावात जो तो आपल्या मनाचं सांगत सुटलाय, कोण म्हणतंय ह्यो परश्या रेल्वेतनं पडला, कोण म्हणतंय पोलिसांनी लंगोटावर धरून नेला, तसलं काय बी न्हाय ओ, काय झालं ते मला ठावं आणि त्या निपाणीच्या सिदूला ठावं.

आम्ही कंग्राळीचे. भात, रताळी, दोन म्हशी. भावांत मी धाकटा म्हणून दूध जरा जास्त मिळालं, आणि त्या दुधानंच घात केला म्हणतो आमचा आप्पा, कारण मी शेताकडं कमी आणि तालमीच्या मातीत जास्त पडून राहायला लागलो. शेवटी आप्पा म्हणला, हे बघ परश्या, मिरजेच्या मैदानाला कोल्हापूरचे वस्ताद येणार हायती, नवी पोरं आपल्या तालमीत न्यायला, त्यांच्या नजरेत भरलास तर जा बाबा, मी आडवा येत न्हाय, न्हाय भरलास तर आल्या आल्या औत धरायचं आणि कुस्तीचं नाव काढायचं न्हाय. एवढं साधं. एकच मैदान, एकच कुस्ती, आणि जोड लागलेली निपाणीच्या सिदूशी, ज्याला मी जन्मात बघितला नव्हता.

आता लढाईपायी पेट्रोल न्हाय, मोटारींचा भरवसा न्हाय, म्हणून मामा आणि मी पहाटेच बेळगाव टेसनात. काय सांगू तुम्हाला, माणूस नुसता मुंग्यांसारखा! दारातनं जायची सोयच न्हाय, मामानं मला खिडकीतनं आत ढकलला, डोकं आत, पाय बाहेर, आणि आतली एक म्हातारी माझ्या डोक्यात तांब्या मारतीया, अरं मुडद्या, हितं मी बसलीया. त्यात गाडी चालंल तर शपथ. सुळेभावीला थांबली, पाच्छापूरला थांबली, घटप्रभेला तर इंजनानं एवढं पाणी पिलं की मामा म्हणला, ह्याला बी कुस्तीला उतरवायचं दिसतंय.

चिकोडी रोडला एक गडी घुसला. तंबाखूच्या वखारीत काम करणारा, अंगाला असा वास की सगळा डबा शिंकाय लागला, आणि बसला कुठं, तर माझ्या मांडीवर. म्हटलं नीट बस की रं. तर म्हणला, जागा कुठं हाय, तुझी मांडीच तेवढी रुंद दिसली. आणि तेवढ्यात माझी नजर त्याच्या कानावर गेली. मोडलेला कान, मास्तर, तालमीतला कान! त्यानं बी माझा कान बघितला. कुठला रं तू? कंग्राळी. तू? निपाणी. मामानं कपाळावर हात मारला. सिदू मला खालवर बघून म्हणला, एवढाच व्हय, मला वाटलं जरा मोठा असशील. मी म्हटलं, मांडीवर बसून वजन तर बघितलंस, आता ऊठ.

पण उठला न्हाय. आणि रायबाग सोडून गाडी जी रानात बाजूच्या रुळावर घेतली ती थांबलीच. ना टेसन, ना झाड. गार्ड म्हणतो मिल्ट्रीची गाडी पुढनं येणार, ती जाईस्तोवर हालायचं न्हाय. ऊन चढाय लागलं, माणसं रुळाकडंला बसली, पोरं रडाय लागली, आणि माझं मैदान तर दुपारी ओ, वस्ताद तितं, मी हितं. मी गार्डाला हात जोडले, गार्ड म्हणला, मी काय गाडी खांद्यावर नेऊ? तवा टपावरनं कुणीतरी आरडलं, अरं दोघंबी हितंच हायती की, लावा कुस्ती हितंच!

झालं! माणसांनी रानात कडं केलं. शेजारच्या वावराची माती अशी मऊ, काळी, बघूनच हात शिवशिवले. मामा नको नको म्हणतोय तोवर कपडे त्याच्या खांद्यावर, आम्ही लंगोटावर. एकजण डब्यावर हलगी वाजवाय लागला. सलामी झाली आणि त्यानं जी मिठी मारली, मास्तर, अजून बरगडी बोलतीया. मी बी कमरेला हात घातला. तो उचलाय बघतोय, मी दाबतोय, ह्यो रेटतोय, मी सरकतोय, माणसं आरडाय लागली, मिल्ट्रीची गाडी धडधडत गेली ती कुणी बघितली बी न्हाय, गार्ड स्वतः झेंडा काखेत मारून, दाब रं, दाब रं!

आणि मग त्याला आठवलं आपण गार्ड हाय. शिट्टी. सगळी पळाली. मामा म्हणतोय सोड परश्या, सोड, पण सोडू कसा? ज्यानं सोडलं तो हरला! सिदू माझ्या कानात म्हणतोय, सोड की. मी म्हणतोय, तू सोड. मामा आमच्यातनं मान घालून ओढतोय, मग इंजनाकडं बघतोय, मग आमच्याकडं, शेवटी कपडे घेऊनच पळाला आणि दांडीला लोंबकळून आम्हाला शिव्या देत देत गाडीसंगं गेला.

मागं राहिलं काय? रान, आम्ही दोघं आणि मिठी. सिदू म्हणला, एक दोन तीन म्हणू आणि संगंच सोडू. म्हटलं बरं. एक दोन तीन झालं. कुणीच सोडलं न्हाय! तेवढ्यात पलीकडनं एक बाई खुरपं घेऊन आली, यार्रो नीवू, कोण रं तुम्ही, म्हणून कन्नडात असं तोंड सोडलं, तिचा उगवलेला हरभरा सगळा आम्ही तुडवलेला, आणि खुरपं वर झाल्यावर मात्र मिठी आपोआप सुटली आणि आम्ही दोघं रुळानं जे पळालो ते कुडची दिसंस्तोवर.

कुडचीचा टेसनमास्तर हसून हसून खाली बसला. तिकीट? मामाकडं. कपडे? मामाकडं. त्यानंच दोन गोणपाटं दिली आणि मागनं आलेल्या गाडीत घातलं. ती बी रखडत रखडत, मिरजेत पोचलो तवा उन्हं उतरली होती. फलाटावर मामा, काखेत कपडे. म्हणला, मैदान उठलं. हलगीवाला तुमची नावं पुकारून दमला. मला तिथंच औत दिसाय लागलं, खरं सांगतो, डोळ्यांपुढं आप्पा, औत, बैल.

आणि मामाच्या मागं बाकावर वस्ताद! पांढरा फेटा, हातात काठी, कोल्हापूरची गाडी येईना म्हणून तासाला शंभर शिव्या देत बसलेले. मामानं सगळं सांगितलं. वस्ताद म्हणले, गाडी गेली तरी सोडलं न्हाय? कसं धरलतं दाखवा. फरशी हाय, पाडायचं न्हाय, नुसतं धरायचं.

गोणपाटं टाकली. बायांनी तोंडं फिरवली. मी धरलं, सिदूनं धरलं. वस्ताद भोवतीनं फिरतायत, काठीनं माझा पाय सारतायत, जरा रुंद घे, मान खाली घाल, श्वास सोड. कोल्हापूरची गाडी आली. माणसं धावली. वस्तादांचा गडी आरडतोय, वस्ताद, चला, जागा धरलीया! वस्तादांनी नुसता हात वर केला, थांब म्हणून, आणि खाली वाकून आमच्या पायाची बोटं बघत राहिले. शिट्टी झाली. गाडी गेली ओ! फलाट रिकामा झाला तवा ते ताठ झाले, तिकडं बघितलं आणि म्हणले, आता तिघंबी हितंच. आधी धोतरं नेसा. मग तालमीत या, दोघंबी.

कोण पडला म्हणून इचारू नका, कुणीच न्हाय पडला. आज आप्पानं दुसऱ्या गड्याला औताला लावलं, माझ्याकडं बघितलं न्हाय, पण आईला म्हणला, पोराला वाटंला भाकरी जास्त बांध. उद्या उजाडायला निघतो. रेल्वेनं? नाव काढू नका! चालत. काकतीवरनं संकेश्वर, तितनं निपाणी, वखारीतनं सिदूला उचलतो आणि दोघं कोल्हापूर गाठतो, पाय तर आमच्या ताब्यात हायती. आणि शेवटी एवढं लिवा, वाचणाऱ्याला परश्या इचारतोय म्हणून, तुमच्या बी डोळ्यांदेखत गेलीय का ओ कधी अशी गाडी, हातातलं सोडवंना म्हणून?