पत्र्याचा डबा

—गाडीत बसणार नाही असं कुठे म्हटलं मी? इंजिन बंद कर म्हटलं. आणि बस त्या दगडावर, हळू बोल. संध्याकाळी धरणाचे दरवाजे बंद होणार, रात्रीतून पाणी या काठावर चढणार, त्याआधी म्हाताऱ्याला उचलून आण — एवढंच सांगितलं ना तुझ्या मॅडमनी? बाप आहे मी तिचा, अख्खी दरी बुडणार हे मला कोणी सांगायला नको. तुझ्यावर नाही रे चिडत, तू ड्रायव्हर माणूस. या धरणाविरुद्ध जन्मभर कोर्टात, ऑफिसांत, सभांत चिडून झालं — पालथ्या घड्यावर पाणी.

ते बीळ दिसतंय, मुळांखाली? पाणमांजर आहे आत, पिल्लं घेऊन. आई पोहून जाईल, पिल्लांना अजून पोहता येत नाही. बाहेर काढा म्हणतोस? काल तेच करत होतो — मी जवळ गेलो की ती पिल्लांना घेऊन आणखी आत सरकते. खणायला घेतलं तर वरची माती ढासळायला लागली. घाबरते — घाबरणारच, मीच शिकवलंय. कातड्यासाठी फासे लावणारे यायचे इथे, म्हणून काठावर एखादं जनावर दिसलं की मी पत्र्याचा डबा बडवायचो. माणूस दिसला की बिळात पळायचं, ही सवय लावली सगळ्यांना. वर्षानुवर्षं. आईचं बघून पिल्लं शिकतात. हा तोच डबा. त्यामुळे तर वाचली ती — बक्षीससुद्धा मिळालं मला त्याचं.

तुझी मॅडम शाळेत होती तेव्हा, एका पिल्लाला मासा भरवत होती, मांडीशी घेऊन. मी मासा हिसकावला आणि डबा तिच्याच हातात दिला. बडव म्हटलं. रडत रडत बडवला पोरीने. पिल्लू पळालं ते परत तिच्याकडे आलं नाही, आणि तीही — जाऊ दे. कडक होतो मी. पुढे तिला धरणावर नोकरी लागली तेव्हा म्हटलं, माझ्या समोर उभी राहू नकोस. नाही राहिली. शब्दाची पक्की आहे. आजसुद्धा बघ, गाडी पाठवली, स्वतः काही — काय? कुठे? खालच्या वळणावर? मग तिथेच का उतरली?

हं. मी नको म्हटलं होतं म्हणून.

ऊठ. आपण दोघं इथे बसलोय तोवर ही बिळातून बाहेर येणार नाही. माणसं गेली, शांत झालं, तर पिल्लं तोंडात धरून वर नेईल कदाचित — अजून उजेड आहे. बहुतेक नाही नेणार. कालपासून कळत होतं मला, पण पाय निघत नव्हता. एवढं जपलं, आणि शेवटी तिच्यासाठी करायचं काय, तर इथून तोंड काळं करायचं.

डबा राहू दे. राहू दे म्हटलं ना, बुडू दे तो. इंजिन इथे नको, उतार आहे, तशीच सोड गाडी. आणि वळणाच्या अलीकडे थांबव, हॉर्न देऊ नकोस तिला. मी चालत जातो. तू काही बोलू नकोस आता.