तीन पॉइंट दोन

मीराबाई : अजून एकदा वाच वं.

मेघा : आई, पाच वेळा वाचला. छापलेलं आहे, बदलत नाही ते.

मीराबाई : पण अश्विननं कुठं आयकलं? तो आत्ता येऊन राह्यला डेपोतून. अरे, हात पूस आधी, ग्रीस लागन माह्या रिपोर्टले!

अश्विन : भानगड काय आहे? गल्लीच्या तोंडावर सपनाकाकू मले म्हणते, तुह्या मायचा नंबर लागला म्हणे. मले वाटलं लॉटरी-फिटरी लागली.

मेघा : पांढऱ्या काविळीच्या, म्हणजे हेपेटायटिस बीच्या लसीचा रिपोर्ट आला. दवाखान्यात सगळ्या स्टाफला तीन-तीन डोस दिले ना? मग रक्त तपासलं, कोणाच्या अंगात किती अँटिबॉडी झाल्या ते. दहाच्या वर असलं की पास. आईंचा आला एक हजाराहून जास्त.

मीराबाई : जास्त! किती जास्त ते मशीनलेच मोजता नाई आलं. हजारावर त्यानं हात टेकले.

अश्विन : क्या बात है, माय! एकोणसाठाव्या वर्षी मेरिटमध्ये! सातवी नापास ना तू?

मीराबाई : नापास नाई, सोडली सातवी. दोघाइत फरक हाये.

अश्विन : अन् आमच्या नर्सबाईचा किती? पाठीमागं काय लपवून राह्यली वं?

मेघा : काही नाही. लाइटचं बिल आहे.

अश्विन : मंग दे, भरून टाकतो. आण इकडे... तीन पॉइंट दोन? तीनशे वीस असन. पॉइंट चुकून पडला.

मेघा : पॉइंट बरोबर पडला आहे. हसू नका.

अश्विन : मी कुठं हसून राह्यलो? तूच हसून राह्यली!

मेघा : मी तर रडायचं ठरवलं होतं. पण आई हजार-हजार करत घरभर फिरताहेत सकाळपासून. फिनाइलची बाटली हातात घेऊन नाचल्या. कसं रडू सांगा!

मीराबाई : थांबा, थांबा. हसणं बंद. पोरी, सोमवारी आर्वीले जॉइन व्हायचं ना तुले?

मेघा : हो. डायलिसिसच्या नव्या सेंटरवर. अन् ऑर्डरमध्ये लिहिलं आहे, रिपोर्ट दहाच्या वर पाहिजे. दिवसभर रक्ताच्या नळ्यांत हात. दहाच्या खाली कोणाला मशीनजवळ उभं करत नाहीत.

अश्विन : एवढं काय ते? वर्ध्यातली नोकरी आहेच ना.

मेघा : आहे. पण माझ्या माहेरी, आर्वीत मशीन नव्हतं तेव्हा बाबांना आम्ही हप्त्यातून दोनदा नागपूरला न्यायचो. पहाटेची एसटी. येताना ते खिडकीला डोकं टेकून झोपायचे अन् मी त्यांची चप्पल धरून बसायची, पायातून निसटायची म्हणून. आता मशीन आलं, बाबा नाहीत. मला तिथंच पाहिजे.

मीराबाई : तुह्या बाबासाठी, प्रेमदास ईवायासाठी म्हणून तर मीही म्हटलं, जा. मंग त्यात घाबरायचं काय? माह्याजवळ हजार हायेत ना! उद्या चंदनले सांगू, नळी माह्या रक्तानं भर अन् चिठ्ठी लाव तुह्या नावाची. दहा तुले दिले तरी नऊशेनव्वद उरते मले.

मेघा : आई!

मीराबाई : चंदन नाई म्हणत नाई मले. लॅबमधी लागला तेव्हा नस सापडे नाई त्याले, तर माह्याच हातावर शिकला तो.

मेघा : आई, बत्तीस वर्षं तुम्ही वॉर्डातून लॅबला नळ्या नेल्या. एकाची नळी दुसऱ्याच्या नावानं कधी नेली?

मीराबाई : एकदाही नाई! डॉक्टरले इचार!... पाह्यलं का रे अश्विन, कशी माह्याच तोंडून काढून घेते.

मेघा : अन् कागदावर आले म्हणून माझ्या अंगात येतील का? उद्या मशीनजवळ चुकून सुई टोचली, तर विषाणू काय रिपोर्ट पाहायला थांबणार?

अश्विन : पास पाहून कंडक्टर थांबते. विषाणू थोडी थांबन.

मीराबाई : पण मले हे समजत नाई. शिशी एक, दिवस एक, सुई देणाऱ्या शोभाबाईचा हात एक. मी म्हातारी, तू चोवीस वर्षांची. मले हजार अन् तुले तीन? खात नाई तू, म्हणून. दीड पोयी खाते.

मेघा : तसं नसतं. वॉचमन गुलाबभाऊ किती खातात?

अश्विन : गुलाब? तो पहिलवान? त्याचा दंड माह्या मांडीएवढा आहे.

मेघा : अठरा.

अश्विन : क्या! अठरा? जाऊन सांगतोच त्याले!

मेघा : सांगितलं कोणीतरी. सकाळपासून गेटवर कोणाशी बोलत नाहीत ते. अन् आमची ती नंदिनी, वाऱ्यानं उडेल अशी, तिचे सहाशे.

मीराबाई : मंग हे ताकदीचं नाई?

मेघा : नाही. हे ओळखीचं आहे. आई, वॉर्डात आलेला पेशंटचा नातेवाईक तुम्ही एकदा पाहिला की किती दिवसांनंतरसुद्धा ओळखता?

मीराबाई : सहा-सहा वर्षांनी. चालीवरून.

मेघा : अन् हे?

मीराबाई : हा? यानं लग्नात सख्ख्या मामाले इचारलं, तुम्ही मुलीकडचे का?

अश्विन : फेटा बांधला होता त्यानं!

मेघा : शरीराचंही तसंच. लस म्हणजे आधीच दाखवलेला चेहरा. कोणाचं शरीर एकदोनदा पाहून पक्कं ध्यानात ठेवतं, कोणाला सहादा दाखवावा लागतो. वय वाढलं की जरा मंद होतं, वजन जास्त असलं की, बिडी-सिगारेट असली की. पण बरंचसं जन्मतःच असतं, आईबापाकडून आलेलं. वयानं पाहिलं तर तुमचा कमी यायला पाहिजे होता. नाही आला. शरीर पुस्तक वाचून वागत नाही.

अश्विन : म्हणजे शिशी एक, दिवस एक, हात एक. अन् जागा?

मेघा : कोणती जागा?

अश्विन : सुई टोचायची. दोघींले एकाच जागी दिली का?

मेघा : ...जाऊ द्या ना ते.

अश्विन : हे पाह्य, हे पाह्य! आता हसणं बंद झालं. काय लपवलं?

मेघा : आईंनी दंडावर घेतली. मी कमरेत.

अश्विन : मंग? त्यानं काय होते?

मेघा : ही लस कमरेत दिली तर बऱ्याच जणांना नीट लागू होत नाही. तिथं चरबी असते. दंडावरच द्यायची असते.

मीराबाई : अवं माय. कमरेत द्या मीच म्हटलं होतं.

अश्विन : तू?

मीराबाई : पहिली सुई होती त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्हा दोघाइचा साखरपुडा. बिनबाह्याचा ब्लाउज शिवला होता पोरीनं. मी म्हटलं, शोभाबाई, दंड सुजन, फोटोत दिसन, कमरेत द्या. माह्यं काय, म्हातारीचा दंड कोण पाह्यते, म्हणून मी दंडावर. मंग दुसरी-तिसरीही तिथंच दिली, पहिली दिली म्हणून.

अश्विन : अन् मेघा, तू तर नर्स! तुले माहीत नव्हतं?

मेघा : माहीत होतं. परीक्षेत लिहिलं होतं मी. दोन मार्काचा प्रश्न.

मीराबाई : मंग बोलली काऊन नाई वं, येडे?

मेघा : तुम्ही पहिल्यांदाच मला काही सांगत होत्या, आई. अन् शोभाबाईंना म्हणाल्या, माझी सून आहे, जपून टोचा. साखरपुडाही झाला नव्हता अजून. मग मी काय बोलणार?

अश्विन : वा रे वा! सासू-सुनेनं भांडायचं सोडून... शेजारच्या बायाइले सांगितलं तर कोणी इस्वास ठेवणार नाई.

मीराबाई : तू चूप. पोरी, माह्यामुळं गेली का तुह्यी आर्वी?

मेघा : तसंही पक्कं म्हणता येत नाही. कमरेमुळं असेल, नाहीतर माझं शरीरच तसं असेल. दंडावर घेऊन पाहिल्याशिवाय कळणार नाही. थांबा, मी सेंटरच्या मॅडमलाच फोन लावते. खरं काय ते सांगते... हॅलो, आनंदा मॅडम? नमस्कार, मेघा बोलते, वर्ध्याहून. सोमवारी जॉइन व्हायचं होतं ती... हो. मॅडम, माझा रिपोर्ट कमी आला. तीन पॉइंट दोन... नाही, तीनशे नाही... हो, तिन्ही डोस झाले... कमरेत... हो मॅडम, माहीत होतं मॅडम... सासूबाई म्हणाल्या म्हणून.

मीराबाई : माह्यं नाव काऊन सांगते!

मेघा : हसताहेत त्या... हो मॅडम... बरं... तुम्हाला?... सहा?... हो, उद्याच घेते. दंडावर मॅडम, दंडावरच... थँक यू.

अश्विन : बोल लवकर.

मेघा : सोमवारी ये म्हणाल्या. पण मशीनजवळ नाही. बाहेर बसून पेशंटचं वजन करायचं, बीपी घ्यायचं. उद्या एक डोस, महिन्यानं परत रक्त. दहाच्या वर गेला तर आत. त्यांना स्वतःला सहा डोस लागले होते.

अश्विन : पार्टी! आज तर्री पोहे माह्याकडून!

मीराबाई : थांब रे. अन् महिन्यानं नाई आला तर?

मेघा : तर आणखी दोन डोस. पहिल्या खेपेला नाही जमलं त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना दुसऱ्या खेपेला जमतं.

मीराबाई : अन् बाकीच्याइले?

मेघा : काहींना नाहीच जमत. ते जपून राहतात. दुसरं काम करतात.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, दवाखान्यात लस द्यायच्या खोलीत.)

मेघा : शोभाताई, डावा दंड घ्या.

शोभाबाई : यावेळी नक्की दंड? मीराबाई, तुमची परवानगी आहे का?

मेघा : त्या घरापासून इथपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत, ताई. ऑटोवाल्यानं जास्त मागितले तरी गप्प.

शोभाबाई : मीराबाई अन् गप्प? ताप आहे का अंगात?

मेघा : आई, बोला ना काहीतरी. तुम्ही अशा गप्प बसल्या की मला भीती वाटते.

मीराबाई : ...मी सांगू?

मेघा : सांगा.

मीराबाई : सुईकडे नको पाहू. माह्याकडे पाह्य.