बारा वाजता पाणबुड्या उतरतो

मावशी: दहाला नाही, साडेनऊला. दहाला दार उघडतं आणि रविवारी तोवर रांग पार फाटकाबाहेर जाते. रांगेत ढब्बू पाच मिनिटं शहाण्यासारखा उभा राहतो, सहाव्या मिनिटाला खाली बसतो आणि सातव्याला लोळतो.

भावोजी: साडेनऊ. लिहिलं.

मावशी: सगळं वहीत लिहून घेणार आहात की काय?

भावोजी: जहाजावरची सवय. इंजिनखोलीत पाळी बदलते तेव्हा उतरणारा माणूस चढणाऱ्याला लिहून देतो. कुठला पंप गळतोय, कुठला तापतोय. तोंडी सांगितलेलं त्या आवाजात राहत नाही.

मावशी: म्हणजे मी पाळीवरून उतरणारी.

भावोजी: तसं म्हणायचं नव्हतं मला, छोटी.

मावशी: नसेल. पण खोटं काय त्यात? साडेचार वर्षांची पाळी झाली. अक्का गेली तेव्हा तो एवढासा होता, टोपीसुद्धा मोठी व्हायची. लिहा पुढे. पाणी दिसलं की त्याला लघवी लागते, आणि त्या मत्स्यालयात तर भिंतीभिंतीतून पाणी. आत शिरण्याआधी एकदा आणि काचेच्या बोगद्याआधी एकदा. 'लागली का' असं विचारायचं नाही, तो नाहीच म्हणतो. सरळ हाताला धरून न्यायचं.

भावोजी: बोगद्यात घाबरतो का?

मावशी: घाबरतो कसला, मरतो. डोक्यावरून ते पाकट मासे जातात ना, चादरीएवढे. गेल्या वर्षी शेजारणीबरोबर गेलो होतो. आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत माझ्या ओढणीत तोंड खुपसून चालला, आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, मी पाकट पाहिले.

भावोजी: मग बोगदा नको. मोठ्या टाकीपाशीच थांबू.

मावशी: तिथे थांबायचंच आहे. बारा वाजता त्या टाकीत पाणबुड्या उतरतो, माशांना भरवायला. ते बघताना ढब्बूला जगाचं भान राहत नाही. कपाळ काचेला चिकटवून उभा. हाक मारा, गुदगुल्या करा, ढिम्म. वीस मिनिटं चालतं ते. वीस मिनिटं पुष्कळ झाली.

भावोजी: कशाला पुष्कळ?

मावशी: सांगते. आधी खाण्यापिण्याचं लिहा. पावाच्या कडा खात नाही. दुधावर साय दिसली की दूधच नको. ताई सगळं खाते. पण तिला रडू येत असलं की ती जास्त खाते. तिसऱ्यांदा वाढून मागितलं की समजून जायचं, आज शाळेत काहीतरी झालंय. तेव्हाही विचारायचं नाही, नुसतं जवळ बसायचं.

भावोजी: हे कशाखाली लिहू?

मावशी: गळणाऱ्या पंपाखाली लिहा.

ताई: मावशी, उद्या निळा फ्रॉक घालू की पांढरा?

मावशी: निळा. आणि हळू बोल गं, दुपारचा झोपलाय तो आत.

ताई: तो कसला उठतोय. तोंड उघडं टाकून घोरतोय. तुम्ही उद्या येणार आहात ना, नक्की?

भावोजी: येणार ना. मीच तर ठरवलं मासे बघायला जायचं.

ताई: आणि आज रात्री इथेच झोपणार?

भावोजी: इथेच. या बाहेरच्या खोलीत.

ताई: मग तुमचा डावा बूट मी घेतलाय. सकाळी मिळेल.

भावोजी: कुठे ठेवलास?

ताई: सकाळी मिळेल म्हटलं ना.

मावशी: जा, फ्रॉक काढून ठेव. इस्त्री मी करते.

भावोजी: गेली ती. हे काय नवीन?

मावशी: नवीन नाही, तुमच्या जहाजाइतकंच जुनं आहे. घरात कोणी आलं की ती एक पायताण लपवते. वीज दुरुस्त करणारा आला होता, अर्ध्या तासाचं काम. बिचारा मग तासभर एका चपलेवर लंगडी घालत बसला. मी दहा वेळा माफी मागितली, पण हिने काही चप्पल काढून दिली नाही.

भावोजी: रागवायचं ना तिला.

मावशी: कोणत्या तोंडाने रागावू? तुम्ही निघालात त्या दिवशी तिला बागेतल्या झोक्यावर बसवलंत. 'पाणी घेऊन येतो' म्हणालात. पाच वर्षांची पोर. मी शोधत गेले तेव्हा दिवस मावळत होता. झोक्यावरून उतरली नव्हती, तुम्ही आल्यावर सापडणार नाही म्हणून. पाय बधिर झाले होते तिचे, मी कडेवर घेऊन आले.

भावोजी: मला वाटलं, सांगितलं तर रडेल.

मावशी: रडली असती. मग कधीतरी थांबली असती.

भावोजी: मला तेव्हा काही सुचत नव्हतं, छोटी. तुझ्या अक्काला जाऊन दीड महिना झाला होता. दाराला तिचा गाऊन तसाच लटकलेला. बाळ रडायला लागलं की मनात यायचं, याच्यामुळे गेली. स्वतःच्या पोराबद्दल असं येतं का कोणाच्या मनात? सगळे म्हणतात मी समुद्रावर गेलो. मी पळालो.

मावशी: ठाऊक आहे मला. म्हणून तर इतक्या वर्षांत एकदाही जाब विचारला नाही. 'वर्षभर बघ' म्हणालात, मी बरं म्हटलं. वर्षाची दोन झाली, दोनाची चार. अक्काला पोचवून आलो त्या दिवशी एक बाई माझ्या तोंडावर म्हणाली, माय मरो पण मावशी जगो. तिची जीभ हासडावीशी वाटली मला. म्हण म्हणून ठीक आहे हो. पण मरणारी माय माझी बहीण होती.

भावोजी: ते हातात काय शिवते आहेस?

मावशी: ढब्बूची विजार. उद्या हीच घालायचीय. खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेवलंय. सहा महिन्यांनी घोट्याच्या वर आली की ही हातशिलाई उसवायची आणि दोन बोटं खाली सोडायची. पुढच्या वर्षी आणखी दोन. तुमच्या नव्या बायकोला येतं का शिवायला?

भावोजी: बटण लावते. हे शिकेल.

मावशी: रागीट आहे का?

भावोजी: नाही. दवाखान्यात काम करते, पेशंटच ओरडतात तिच्यावर, ती ऐकून घेते. उद्या चल, असं मी तिला म्हटलं होतं. ती म्हणाली, पहिल्या दिवशी मी नको, पोरं आधीच बावरलेली असतील.

मावशी: शहाणी दिसते. मला तिचा राग यावा म्हणून मी चार दिवस प्रयत्न करते आहे.

भावोजी: तू बोल की एकदा तिच्याशी.

मावशी: बोलेन. उद्याचं पार पडू दे. आता ऐका. पाणबुड्या उतरला की तुम्ही ढब्बूच्या मागे उभे राहायचं, दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर. माझे हात असतात तसे. त्याला फरक कळणार नाही, तो मान वळवत नाही. ताईला मी तिथल्याच पुस्तकांच्या दुकानात पाठवते, काही निवड म्हणून. आणि मी मागच्या मागे निघते. पेट्या तुमच्या गाडीत आज संध्याकाळीच ठेवून टाकू. तिथून तुम्ही परस्पर रस्त्याला लागा. गाडीत तो झोपतो. जाग येईल तेव्हा तुमच्या घरी असेल.

भावोजी: मी हे लिहीत नाही.

मावशी: का?

भावोजी: झोका झाला की हा, छोटी. नुसता काचेचा.

मावशी: तुम्ही मला शिकवू नका.

भावोजी: मीच शिकवणार. मी केलंय ते. आत बसलीय ती, माझा बूट घेऊन.

मावशी: मग काय करू? घरातून न्यायचं म्हटलं तर तो दाराची चौकट धरेल. बालवाडीच्या पहिल्या दिवशी धरली होती. एकेक बोट सोडवावं लागलं, आणि पाचवं सोडवेपर्यंत पहिलं परत चिकटलेलं. तेव्हा निदान दुपारी बाराला परत आणायचं होतं. उद्या बोटं कोण सोडवणार? तुम्ही सोडवलीत तर जन्मभर तुमचा राग करेल. मी सोडवू? माझ्याने होणार नाही.

भावोजी: नको न्यायला मग. मी सोमवारी एकटा परत जातो. पोरं इथेच राहू देत.

मावशी: आणि? ताई मोठी होतेय. रोज संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली की ती मान वर करते. तुमचं पत्र आलं की आधी पाकीट हुंगते. मी तिच्यासाठी काय वाटेल ते करेन, पण बाप कुठून आणू? आणि माझं म्हणाल तर, एक स्थळ आलं होतं मधे. माणूस बरा होता. मुलांसकट नको म्हणाला, म्हणून मीच नको म्हटलं. त्याचं मला काही वाटलं नाही, खरंच. पण शिलाईच्या मशीनवर मान मोडून मी आणखी किती वर्षं पुरणार? सुईत दोरा ओवायला ताईला हाक मारावी लागते आता. न्या तुम्ही. न्यायलाच हवीत. माझा जीव तुटतो म्हणून त्यांना बापाविना ठेवणं हे काही प्रेम नव्हे.

भावोजी: मग सांगू या त्याला. समोर बसवून. उद्या मासे बघण्याआधी.

मावशी: आधी नको हो. मासे तरी बघू दे धड. नंतर, बाहेर बाकं आहेत तिथे.

भावोजी: नंतर. बाकावर. आणि तू सांगायचं. माझं ऐकणार नाही तो. मला अजून जहाजवाले काका म्हणतो.

मावशी: ताईने सांगितलंय त्याला, हे आपले बाबा. तो म्हणाला, बरं. आणि लगेच म्हणाला, काकांनी मला शिट्टी आणली. तुमचा राग नाही हो त्याला. त्याला ते कळलेलंच नाही. मला आई म्हणतो तो, हे ठाऊक आहे ना तुम्हाला?

भावोजी: काल ऐकलं.

मावशी: मी शिकवलं नाही. ताईचं ऐकून तोही मावशीच म्हणायचा. बालवाडीत सगळ्यांना न्यायला आई येते, याला न्यायला मी. दुसऱ्या आठवड्यात त्याने परस्पर ठरवून टाकलं. मी दोन-तीनदा म्हटलं, अरे, मावशी. मग नाही म्हटलं. अक्काचा फोटो समोर आहे, तिच्यासमोर मी ओ द्यायला लागले. कधी कधी वाटतं, चोरी केली मी. गोड वाटायचं ना मला.

भावोजी: तिने काही म्हटलं नसतं.

मावशी: ती म्हणाली असती, बरं झालं, रात्री उठायला तूच हो. तशीच होती ती.

(भावोजी वही मिटून बाजूला ठेवतात.)

भावोजी: म्हणून बघ एकदा. उद्या एकदम तोंडातून निघणार नाही.

मावशी: इथे? तुमच्यासमोर?

भावोजी: मी ढब्बू. बोल.

मावशी: मिशा असलेला ढब्बू. बरं. ढब्बू, इकडे बस. आज मासे बघितले ना आपण? आता किनई तू आणि ताई बाबांच्या घरी राहायला जायचं. तिथे मोठ्ठी खिडकी आहे.

भावोजी: का?

मावशी: तो 'का' विचारत नाही. आणि खिडकीचं काय त्याला? मीच चुकले. कशाला लालूच दाखवते आहे मी?

भावोजी: मग काय विचारतो तो?

मावशी: काहीही सांगितलं की एकच विचारतो. दुकानात जायचंय, दात दाखवायला जायचंय, आंघोळीला चल, काहीही. 'तू पण?' मी हो म्हटलं की उठून चालू लागतो. कुठे, कशाला, काही नाही.

भावोजी: बरं. पुन्हा म्हण.

मावशी: ढब्बू, आता तू बाबांच्या घरी राहायला जाणार.

भावोजी: तू पण?

मावशी: थांबा जरा.

भावोजी: थांबलो.

मावशी: विचारा परत.

भावोजी: तू पण?

मावशी: नाही, राजा. मी नाही.

भावोजी: मग तो काय करतो?

मावशी: माहीत नाही. त्याला मी आजवर कधी नाही म्हटलेलंच नाही.