तोर्गुनची पाटी

नाही हो, घाई करून चालायचं नाही — ट्रॅक्टर जुना आहे, तापल्याशिवाय ओढत नाही — बसा पाहुणे, कॉफी घ्या. गाडी कुठे पळून जात नाही तुमची. मागची दोन्ही चाकं आसापर्यंत रुतलीत, मी बघून आलो. वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही डेन लोक, डेन्मार्कसारख्या सपाट देशातले, तुमच्याकडे सगळ्यात उंच काय, तर गाय — तीही उभी असली तर. हसलात, बरं झालं. तर, हिरवं दिसलं की तुम्हाला वाटतं गवत, गाडी वळवायला बरी जागा. पण ती पांढरी बोंडं डोलत होती ना, कापसासारखी? फोटो काढलात? हां. सगळेच काढतात. बोंडं दिसली की खाली दलदल, हे इथं पोरं चालायला लागली की शिकतात. तुम्हाला कोण सांगणार?

चुका सगळ्यांच्या त्याच असतात हो. नकाशा म्हणतो शंभर किलोमीटर, माणूस म्हणतो तासाभरात पोचू — आणि वाटेत डोंगर, बोगदा, बोट, पुन्हा डोंगर. संध्याकाळ होते. मग मागे दहा गाड्या तुंबल्या तरी पुढचा आपला हळूहळू चालवतो, बाजूला होत नाही. अरुंद रस्त्यावर समोरच्याला वाट द्यायला जागा सोडलेली असते, तिथे खुर्च्या मांडून जेवायला बसतात. एका बाईनं तर टेबलावर फुलं ठेवली होती. आणि बोगद्यात मेंढ्या — उन्हाळ्यात गारव्याला बसतात तिथे — त्यांना बघून हॉर्न वाजवू नये, त्या उठत नाहीत. थांबायचं. वाट बघायची. त्यांना कंटाळा आला की उठतात.

पण सगळ्यात मोठी चूक म्हणजे ती फोनमधली बाई. ती म्हणते डावीकडे वळा, तुम्ही वळता. ही वाट पूर्वी पलीकडच्या खोऱ्यात जायची, एकोणीस वर्षांपूर्वी दरड कोसळली, तेव्हापासून माझ्या अंगणात संपते. बाईला अजून कुणी सांगितलेलं नाही. या उन्हाळ्यात तुम्ही अकरावे. वॉफल घ्या. चीज लावून घ्या, ते तपकिरी — गोडसर असतं, डेन लोक तोंड वाकडं करतात, पण खातात. डब्यातली नको हं. टेबलावरची घ्या. डब्यातली दुसऱ्याची आहेत.

कोट? हा कोट — हो, बाहेर ऊन आहे खरं. असाच घातला. म्हणजे कुठे जायचं म्हणून नाही. बायको माझी, तोर्गुन, गावातल्या वृद्धांच्या घरात असते, वसंतापासून. पाय गेले, मग हळूहळू बाकीचंही. इथून चाळीस मिनिटं, उजवीकडे. तुम्ही डावीकडे जाणार, बोटीला. हो, दोनची बोट, सांगितलंत मघाशी, लक्षात आहे माझ्या. डॉक्टरनं डोळे तपासले आणि माझा परवाना काढून घेतला. ट्रॅक्टर काय, तो माझ्या आवारात चालवतो, मोठ्या रस्त्यावर नाही. एकच बस, तीही शाळेची, सुट्टीत बंद. सकाळी तिथल्या नर्सबाईचा फोन होता. दोन दिवस तोंड उघडत नाहीये म्हणाली. चमचा नेला की ओठ मिटून घेते. माझ्या हातून खाते ती. तिला वाटतं मी गोठ्यातून आलोय, म्हणते, आधी हात धू. मी धुतो. मग खाते. आज आलात तर बरं, असं म्हणाली नर्सबाई.

शेजारी? आहे ना, हल्वर. तुम्ही त्याच्याच दारावरून आलात, लाल घर, या वाटेच्या तोंडाशीच, मोठ्या रस्त्याला लागून. भला माणूस. रोज त्याच गावात कामाला जातो — आज शनिवार, घरी असेल. भेटला की म्हणतो, आन्फिन, काही लागलं तर सांग. मी म्हणतो, नाही, काही नाही. मग तो आभाळाकडे बघतो, मीही बघतो. विचारायचं? तसं नसतं आमच्याकडे. शेजाऱ्याकडे मागितलं की पुढे रोज त्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. तुमच्यासारख्या परक्याचं तसं नाही — गाडी ओढून काढली की मी डबा घेऊन शेजारी उभा राहतो, मागत नाही हं, नुसता उभा — आणि लोक आपणहून विचारतात, आजोबा, कुठं सोडू का. तुमच्याआधीच्या दहांपैकी आठांनी सोडलं. एक पोलिश जोडपं तर आत आलं, तोर्गुनचा हात धरून गाणं म्हणालं.

काय बघताय दाराआड? ती — ती पाटी आहे. फळी नुसती. बरं, वाचा. तांबडी अक्षरं तोर्गुनची आहेत, पाच भाषांत, तुमचीही आहे त्यात — पुढे रस्ता नाही, फोनचं ऐकू नका, मागे फिरा. तिला फार वाईट वाटायचं लोक रुतायचे त्याचं. वाटेच्या तोंडाशी होती. हो, होती. वाऱ्यानं नाही पडली. मी काढली. जूनमध्ये. खिळे अजून खांबात आहेत.

असं बघू नका, पाहुणे. उठा. ट्रॅक्टरला तापायबिपायला लागत नाही, ते मी उगाच म्हणालो. चला.

...हां, स्टिअरिंग सरळ धरा, सरळ — आलं! बघा, दोन मिनिटांचं काम. पाय पुसा, चिखल आहे. आणि ही पाटी घेऊन जा. वाटेच्या तोंडाशी खांब आहे, दोन खिळे, नुसती अडकवायची. तिला तिचं काम करू दे. डबा? नाही, डबा असाच हातात आहे. नाही नाही, तुमची बोट चुकेल, पुढची सहाला आहे — मी काही मागितलं का? निघा. बोगद्यात हॉर्न वाजवू नका. निघा म्हटलं ना!

...

हॅलो. हल्वर? मी आन्फिन. नाही, काही नाही. तो डेन तुझ्या दारावरून गेला का, एवढंच — गेला? पाटी लावली त्यानं? बरं. बरं झालं. हो, ऊन छान पडलंय. नाही, काही नाही. बरं मग.

हल्वर. ठेवू नकोस —