इओसिनोफिल उतरेपर्यंत

रक्त उपाशीपोटीच द्यायचं होतं, म्हणून संकष्टीचाच दिवस धरून मी लॅबमध्ये बसले होते. शेजारी रोशनी नावाची एक तरुण बाई आणि तिची मावशी रिपोर्टची वाट पाहत होत्या.

"मावशी, आज इओसिनोफिल उतरले नसतील, तर कंपनीचा डॉक्टर सही देत नाही. हिंगण्याची नोकरी गेली समज."

"ते काय असते वं एवढं?"

"रक्तातल्या पांढऱ्या पेशी. शंभरात सहाच्या आत पाहिजेत. माह्या आधी नऊ होत्या, मंग बारा."

"वाढते कायनं?"

"दम्यानं, ॲलर्जीनं, नाहीतर पोटातल्या जंतानं. गोळी घेतली तरी वाढूनच राहिल्या. डॉक्टरनं विचारलं, ओल्या मातीत अनवाणी चालता का? जंत पायातून शिरते म्हणे."

"तू काय सांगतलं?"

"नाही म्हटलं."

"अन् तुह्या चपला कुठी हायेत?"

"नवस बोलली ना! रिपोर्ट चांगला येईपर्यंत रोज सकाळी वावरातल्या देवीले अनवाणी जाईन."

"अवं बाई! मंग डॉक्टरले काहून नाही सांगतलं?"

"त्यानं जंताचं विचारलं, मावशी. देवीचं मी कायले सांगू?"

काउंटरवरच्या मुलीनं हाक मारली. रोशनीनं कागद आधी कपाळाला लावला, मग उघडला.

"पंधरा."

"आता वं?"

"आता संध्याकाळीबी जाईन."

मावशीनं वाकून आपल्या चपलेचा पट्टा सोडला.

"थांब, मी बी येईन. तुह्या एकटीचं ऐकून नाही राहिली देवी."